बाराव्या बाटलीचं पाणी

१९ जानेवारी २०२५, रविवार

बारा बाटल्या भरल्या एकदाच्या! दोन दिवस एसटी, काळी-पिवळी आणि संजयदादाच्या गाडीची मागची सीट. हाडं खिळखिळी झाली. गेवराई तालुक्यातल्या अकरा वस्त्यांचे हापसे आणि बोअर फिरले. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं हापसायचं, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, मग भरायची, मग चिकटपट्टीवर नंबर. आणि प्रत्येक ठिकाणी एक तरी आजी येऊन विचारणार – पाण्यात औषध टाकायला आलीस का गं? मी सांगायचं, नाही आजी, मी एम.एस्सी. करते, पर्यावरणशास्त्र, पाण्यात फ्लोराईड किती आहे ते बघायचंय. त्यांनी मान हलवायची आणि म्हणायचं, ते असू दे, नळाला पाणी कधी येणार?

बारावी बाटली आपल्या वस्तीतल्या हापशाची. प्रकल्पाच्या गाईड मनिषा मॅडमनी सांगितलंय की तुलनेसाठी एक खात्रीचा चांगला नमुना घे. माझ्याकडे आपल्या हापशापेक्षा खात्रीचं काय असणार? लहानपणापासून ऐकत आलेय, तालुक्यात असं गोड पाणी नाही. हापशाच्या ओट्यावर अण्णांनी ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं कोरलेलं अजून स्पष्ट वाचता येतं – ‘आपलं पाणी. २० मार्च १९९९’. त्याआधी आई आणि वस्तीतल्या बाया गावच्या विहिरीवर घागरी घेऊन थांबायच्या. कोणी वरून ओतलं तर पाणी. अण्णा कचेरीसमोर अकरा दिवस उपाशी बसले, तेव्हा हे बोअर मंजूर झालं. तीनशे फूट.

आजही बाटली भरायला अण्णांनीच हापसलं. मी म्हटलं, राहू द्या, तुमची पाठ. ऐकतात थोडेच! त्यांची मान वळत नाही, बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. गुडघे मुडपत नाहीत, विहारात वंदनेला खुर्चीवर बसतात. सगळे म्हणतात, हातपंप दुरुस्तीच्या पथकात जन्मभर लोखंडी पाइप उपसले, त्यात पाठ गेली.

शेजारच्या विजयमालाकाकू मला बघून म्हणाल्या, “आलं का पालीचं दात!” वस्तीत माझ्या पिढीच्या सगळ्यांच्या दातांवर तपकिरी डाग. मिसरीनं पडतात म्हणे. दादा तर हसताना तोंडावर हात धरतो. मीच एकटी पांढऱ्या दातांची, म्हणजे बाहेरची. घरची पाहुणी.

अडीच वर्षांची होते तेव्हा मला पालीला पंचशीला आत्याकडे ठेवलं. आत्याला मूल नव्हतं. मुलगी होते म्हणून दिली, मुलगा ठेवला – सरळ हिशेब. दहावीत असताना एकदा अण्णांना तोंडावर विचारलं होतं. म्हणाले, “तिकडं शाळा चांगली हाय.” अडीच वर्षांच्या पोरीला कसली डोंबलाची शाळा! तेव्हापासून विचारलं नाही.

२१ जानेवारी

बीड. बाटल्या विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. वर्गातला रविराज म्हणतो, आता चहाचं दूध कुठे ठेवायचं? म्हटलं, कोरा पी वर्षभर.

३० जानेवारी, गुरुवार

आज पाणी तपासलं. ह्या पद्धतीत सगळ्या नळ्यांत सारखं लाल द्रावण टाकायचं असतं. पाण्यात फ्लोराईड जितकं जास्त तितका तो लाल रंग उतरत जातो. अकरा नळ्या कमीजास्त लाल राहिल्या. बारावीतला रंग उडालाच. यंत्राच्या मापातसुद्धा बसेना.

मॅडम चष्मा वर करून बघत राहिल्या. “बाटली धुतली होतीस ना, आम्रपाली?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविराज हसला, त्याच्याकडे असं बघितलं की गप्प झाला. पुन्हा केलं. तेच. चांगलं म्हणून नेलेलं पाणीच सगळ्यात वाईट निघतंय, म्हणजे चूक माझीच. दादाच्या डिकीत ठेवली होती बाटली. तिथे त्याची फवारणीची औषधं असतात. मूर्ख आहे मी.

२ फेब्रुवारी, रविवार

परत गाव. तीन कोऱ्या बाटल्या, तिन्ही हापशाच्या, माझ्याच पिशवीत. डिकीच्या जवळपासही नेल्या नाहीत.

आणि एक चौथी, गावच्या विहिरीची. चोवीस वर्षांची झाले, त्या विहिरीच्या कडेला आज पहिल्यांदा उभी राहिले. कोणी नको म्हणत नाही आता, पण आमच्यातलं कोणी जातही नाही. आई तर त्या रस्त्यानंसुद्धा जात नाही, लांबच्या बांधावरून फिरून जाते. अर्जुनराव कट्ट्यावर बसलेले होते. ते सरपंच होते त्या वेळी आई इथे घागर घेऊन थांबायची. म्हणाले, “आश्रुबाची ना तू? घे की. पाणी काय कुणाच्या बापाचं हाय का?” तेव्हा कोणाच्या बापाचं होतं, असं अगदी ओठावर आलं होतं. बाटली भरली आणि आले. स्वतःचाच राग आला.

अण्णांनी विचारलं, “कुठं गेलतीस?” सांगितलं. सगळं अंग वळवून आत गेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी पातळ करून मोजलं, तेव्हा आकडा मिळाला.

हापसा – ४.२, ४.१, ४.२.

विहीर – ०.६.

दीडच्या वर माणसानं पिऊ नये.

७ फेब्रुवारी

कॉलेजला गेले नाही. खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं, डोकं दुखतंय.

पुस्तकात एक चित्र आहे. वाकलेला माणूस, पाठमोरा. त्याच्याखाली लिहिलंय – फ्लोराईडयुक्त पाणी दीर्घकाळ प्यायल्यास मणका व सांधे ताठर होतात, मान वळत नाही. लहानपणी प्यायल्यास पक्क्या दातांवर तपकिरी डाग पडतात, ते जात नाहीत. गेल्या सत्रात हाच प्रश्न आला होता. दहापैकी आठ मिळाले मला. आठ! आणि ते चित्र घरी खाटेवर बसून माझ्याशी बोलत होतं, ताटात भाकरी वाढ म्हणत होतं, आणि मला दिसलं नाही.

खोल बोअरमध्ये खडकातलं जुनं पाणी येतं, त्यात फ्लोराईड उतरलेलं असतं. उथळ विहिरीत कमी. एवढं साधं आहे. म्हणजे ज्या विहिरीवर आम्हांला थांबवलं तिचं पाणी चांगलं. आणि अण्णांनी अकरा दिवस उपाशी राहून जे आणलं –

लिहवत नाही.

मी तेवढी वाचले. तीही नशिबानं. मला देऊन टाकलं आणि पालीला धरणाचं पाणी प्यायला मिळालं. नकोशी झाले म्हणून दात पांढरे राहिले! हसावं की रडावं ते कळेना, दोन्ही झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगायला म्हणून गेले. सांगितलं नाही.

अण्णा हापशाच्या साखळीला ग्रीस लावत होते. वीस मार्च जवळ आला ना. महाडच्या पाण्याचा दिवस. आमच्या वस्तीत त्या दिवशी सगळे हापशाजवळ जमतात, अण्णा पहिलं पाणी काढतात, प्रत्येक जण ओंजळभर पितो, आणि त्या वर्षी जन्मलेल्या बाळांना चमच्यानं हे पाणी पाजतात. यंदा आमच्या घरचं बाळ आहे. दादाची चिऊ, आठ महिन्यांची. वहिनीनं तिला शिवलेलं निळं झबलं दाखवलं मला.

मी वहिनीला बाजूला घेतलं, म्हटलं, चिऊला वरचं पाणी देशील ते विकतच्या जारचं दे. तिनं टक लावून बघितलं. “कावून? आपलं पाणी वाईट हाय का?” मी म्हटलं, नाही गं, लहान बाळ आहे, जरा जपून. ती म्हणाली, “बीडला राहून तुमाला घरचं पाणीबी चालंना का, ताई.” वहिनी वडवणीची. साधी बाई आहे, कधी टोचून बोलत नाही. आज बोलली. बरोबरच आहे तिचं.

मग आईजवळ बसले. का कोण जाणे, विचारलं, मला पालीला कोणी ठेवायचं ठरवलं होतं? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुझ्या अण्णानं. एका दिवसात. कामावरनं आले ते जेवले न्हाईत, म्हणले पोरीला पंचशीलाकडं ठिवतो. लई रडले मी. दोन दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी.” म्हणजे आईची इच्छा नव्हती. तेवढं आज कळलं. एवढी वर्षं दोघांवर मिळून राग धरत होते, आता एकट्या अण्णांवर राहिला.

आणि त्या अण्णांना मी आता हे सांगायचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला लावलं. म्हणाल्या, “वस्तीला कळव. हापशाला लाल रंग लागला पाहिजे.” लाल रंग म्हणजे पिऊ नका. मला कशाला सांगतात! अण्णांनीच गावोगावचे हापसे लाल रंगवलेत. लहानपणी सुट्टीत घरी आले की त्यांच्या नखांत रंग असायचा.

मी विचारलं, मॅडम, बारावा नमुना प्रकल्पात घातलाच पाहिजे का? मूळ यादीत तर तो नव्हता.

त्या म्हणाल्या, “तुलनेला माझ्या घरचं पाणी घे, हरकत नाही. पण तो हापसा माझ्या दारात नाही, तुझ्या दारात आहे.”

९ मार्च, रविवार

बारावी बाटली काढली. शीर्षकात ‘अकरा वस्त्या’ टाईप केलं. पानं एकदम नीट दिसायला लागली.

१० मार्च

मनाला समजावते – अण्णा बासष्ट वर्षांचे. पाठ सरळ होणार नाही, दादाचे दात पांढरे होणार नाहीत. मग सांगून उपयोग काय? त्यांच्याकडे आहे काय दुसरं? जमीन नाही, पुढारपण नाही. एक हापसा आहे, त्यावर कोरलेल्या दोन ओळी आहेत. लग्नाला गेले तरी लोक ओळख करून देतात, हे आश्रुबा, ह्यांनी वस्तीला पाणी आणलं.

आणि मग चिऊ डोळ्यांपुढे येते. दोन दात आलेत तिला. दुधाचे आहेत ते. पक्के अजून हिरड्यांत तयार होतायत.

१४ मार्च, शुक्रवार

दादाचा फोन. चिऊसाठी पंचशीला आत्या चांदीचा चमचा घेऊन येणार आहे म्हणे वीस मार्चला. “तुलाच पाजायला लावायचं म्हणतेत अण्णा. शिकलेल्या आत्याच्या हातनं.” दादा इतका खूश होता. फोनवर तोंडावर हात धरावा लागत नाही, तेव्हा तो मोकळा हसतो.

मी म्हटलं, येते.

१९ मार्च, बुधवार

सांगितलं.

दुपारी. आई आणि वहिनी उद्याच्या स्वयंपाकाचं बघत होत्या, दादा मंडपवाल्याकडे गेला होता. अण्णा खाटेवर. मी समोर स्टुलावर बसले, म्हणजे त्यांना वळावं लागू नये. म्हटलं, अण्णा, हापशाच्या पाण्यात फ्लोराईड आहे. तुमची पाठ पाइपांनी नाही गेली. मग थांबताच येईना. दादाचे दात, विजयमालाकाकूंची नातवंडं, आईचे गुडघे – सगळं बोलून टाकलं. रडत होते. शेवटी म्हटलं, विहिरीचं पाणी चांगलं निघालं. हे वाक्य नसतं बोलले तरी चाललं असतं.

अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते. म्हणाले, “किती आलं?”

“चार पॉइंट दोन.”

मान हलवतात तसं त्यांनी सगळं अंग हलवलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी आत्याकडून सुट्टीला आले की ठेवायचे तसा. त्या हाताचा मला नेहमी राग यायचा, पाहुण्याच्या पोरीला ठेवल्यासारखा वाटायचा. आज नाही आला.

“उद्याचा दिवस होऊ दे,” म्हणाले. “मग बघू.”

“चिऊला पाजायचं नाही, अण्णा.”

“हूं.”

खात्री आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. मॅडमनी विचारलं, मी स्वतःला विचारलं, तीन बाटल्या परत भरल्या. अण्णांनी पोरीचं एकदाच ऐकलं आणि धरून चालले. एवढा विश्वास! आणि मी दीड महिना गप्प बसले.

२० मार्च, गुरुवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी त्यात माझं काहीतरी घालेन.

सकाळी नऊला सगळे जमले. निळे झेंडे, रांगोळी, हापशाला झेंडूचा हार. वंदना झाली. अण्णांनी पांढरा सदरा घातला होता. दांडा धरला आणि हापसलं, आवाज न करता. वंगण चांगलं लावलंय त्यांनी. पहिली ओंजळ त्यांनीच घेतली. प्यायले. मी बघत होते, पाणी कोपरावरून खाली ओघळलं. मग आई, मग सगळी माणसं रांगेनं. माझी पाळी आली. मीही प्यायले. गोड लागलं. खरंच गोड आहे ते पाणी.

मग बाळं. यंदा तीन होती. विजयमालाकाकूंचा नातू पहिला. काकूंनी चमचा पुढे केला आणि अण्णांनी दांडा सोडला. हात वर करून म्हणाले, “बाळांना न्हाई द्यायचं.”

कोणाला कळेना. काकू हसल्या, त्यांना वाटलं आधी घरच्या नातीला पाजायचंय.

“कुणालाच न्हाई. आजपासनं हे पाणी कुणीच प्यायचं न्हाई. भांडी-धुणं करा. ह्या पाण्यात दोष हाय. माझी पोरगी हेच शिकलीय, तिनं तपासलंय.” त्यांना मागे वळून माझ्याकडे बघता येत नव्हतं, नुसता हात मागे केला. “माझी पाठ ह्यानंच गेली. तुमच्या लेकरांचं दातबी.”

मी आकडे सांगितले. कसं, का, किती. शिकवतात तसं बोलले, आवाज माझा नव्हताच. माणसं ऐकत होती. ओरडलं कोणी नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

विजयमालाकाकू म्हणाल्या, “मग आमी कुठं जायचं आता? त्या विहिरीवर?”

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमलेली होती बाई. “तुला काय गं. तुझं दात पांढरंच हायेत.”

जेवणं तशीच राहिली. पंचशीला आत्यानं चांदीचा चमचा परत डबीत घातला. संध्याकाळपर्यंत ती खाटेजवळ अण्णांचे पाय दाबत बसली होती.

२३ मार्च, रविवार

हापसा लाल झाला.

अण्णांनी स्वतः रंगवला. दादा म्हणाला, मी करतो. नको म्हणाले. खुर्ची नेऊन ठेवायला लावली, जुना डबा उघडला, रॉकेल घालून रंग ढवळला आणि दांड्यापासून सुरुवात केली. त्यांचा हात किती सफाईचा आहे! एक ओघळ नाही. खाली वाकता येत नाही म्हणून बुडाजवळचा भाग मी रंगवला. ओट्यावरच्या अक्षरांना रंग लागू नये म्हणून त्यांनी आधीच ओलं पोतं टाकून ठेवलं होतं. वस्तीतली पोरं लांब उभी राहून बघत होती. एकानं विचारलं, आता हापसा मेला का? अण्णा म्हणाले, “न्हाई रे. थकला.”

ग्रामपंचायतीनं सांगितलंय, टँकर बघू. कधी बघणार, देव जाणे.

दुपारी आई उठली. घागर घेतली. वहिनीनं दुसरी घेतली, मी कळशी. आई बांधावरून गेली नाही, सरळ रस्त्यानं गेली. विहिरीवर गावातल्या चार बाया होत्या. त्यांनी बाजूला होऊन जागा दिली, एकीनं दोरही पुढे केला. कोणी वाईट बोललं नाही. काहीच झालं नाही. पण आई कडेला गेली आणि तिथे नुसती उभी राहिली. पोहरा सोडेना. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, ती थांबली होती. कोणीतरी ओतेल म्हणून. सव्वीस वर्षांनी तिचं अंग आपोआप तसं थांबलं.

मी म्हटलं, “आई, आपण घ्यायचं आपल्या हातानं.”

“व्हय, व्हय,” म्हणाली. पोहरा सोडला. परत येताना रस्ताभर रडली. मी अण्णांना सांगितलं नाही, तिनंही नाही. घरी आल्यावर तिनं पहिला तांब्या त्यांना भरून दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला, बराच वेळ. मग प्यायले.

२८ मार्च

‘बारा वस्त्या’. शीर्षक पुन्हा बदललं. मॅडमनी नुसता चहा सांगितला. रविराजनं बाराव्या बाटलीची चिकटपट्टी माझ्यासाठी जपून ठेवली होती. बावळट आहे, पण बरा आहे.

५ एप्रिल, शनिवार

घरी जाऊन आले. पाठीच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं तर अण्णा म्हणतात, आता कशाला. पण मला बघून उठले आणि ट्रंक उघडायला लावली. त्यांच्या कामाच्या वह्या! पथकात असताना रोज लिहायचे. कार्यालयात द्यायची ती वेगळी, ह्या त्यांच्या स्वतःच्या. एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून. मी म्हटलं, हे आधी का नाही दिलं, माझं अर्धं काम झालं असतं! कोणत्या गावचा हापसा, काय बिघडलं, पाण्याचा अहवाल काय आला, कधी लाल केला – सगळं आहे.

“लागंल तुला,” म्हणाले. वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसले होते. मी पिशवी पुढे केली तरी हात काढेनात. मग काढला. “सगळ्या वाच,” म्हणाले. “मधल्या सोडू नको.”

हो म्हटलं. निघताना पहिल्यांदाच मी त्यांच्या गळ्यात पडले. ताठ उभे राहिले, वाकता येतच नाही. पण हात पाठीवर आला. पालीचा राग धरून ठेवण्यात काय अर्थ आहे आता? ज्या माणसानं आपल्या हातानं आपला हापसा लाल केला, त्याच्यावर कसला राग धरायचा. सोडून दिला. एसटीत बसल्यावर हलकं वाटलं, कित्येक वर्षांनी.

९ एप्रिल

वह्या वाचतेय. अक्षर किती सुंदर! प्रत्येक नोंदीला चार रकाने. ‘लाल रंग द्यावा’ असा शेरा असला की पुढच्या रकान्यात तारीख, ‘रंग दिला’, आणि सही. एक्केचाळीस हापसे मोजले आतापर्यंत. एकही राहिलेला नाही. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव घालणार आहे.

१३ एप्रिल, रविवार

२००३ सालची वही. ५ जून. ‘आपली वस्ती. फ्लोराईड ३.८. लाल रंग द्यावा.’ पुढचा रकाना कोरा.

त्याच्या खालची नोंद ९ जूनची. ‘रजा एक दिवस. आम्रपालीला पालीला पोचवणे.’

त्यानंतर, यंदाचा सोडून, एकवीस वेळा वीस मार्च आला. दर वेळी त्या वर्षीच्या बाळांना त्यांनी पाणी काढून दिलं, आणि स्वतः रोज प्यायले.

उद्या चौदा एप्रिल. गावी जयंतीला सगळी वस्ती येईल, विजयमालाकाकूही. मी हे पांढरे दात झाकून, तोंडावर हात धरून बोलेन, दादासारखी.